‘वादळातही मिटायचं नाही’ म्हणून विकलेलं ऑनिंग

मिनीबसची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या सातारा-सांगलीकडच्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. गाडीच्या दाराबाहेर जे कापडी छत लावतात, ते ऑनिंग विकताना कोणी ‘वादळ आलं तरी मिटायची गरज नाही’ असं सांगितलं, तर पुढे एक शब्दही न बोलता तिथून उठा. ऑनिंग कितीही भारीतलं असलं तरी सोसाट्याच्या वाऱ्यात ते मिटावंच लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, आणि वारा खालून शिरला की छत गाडीसकट उचलायला बघतं. हे धंद्यात असलेल्या माणसाला माहीत नसतं असं नाही.

आम्हाला ज्याने विकलं, त्याचे शब्द असे होते : “ताई, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली लावा, हलणार नाही.” कापड ५०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), पीव्हीसीचा म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं, पाइप जीआयचे म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, पाच वर्षांची गॅरंटी. नमुना म्हणून हातात दिलेला तुकडा खरोखर जाड होता. हे सगळं त्याने व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं, आणि आज ती चॅटच आमचा मोठा आधार आहे. पक्कं बिल मात्र मागून मागून मिळालं. त्यावर काय लिहिलं होतं? ‘कापडी छत, एक नग.’ जीएसएम नाही, पाइपची जाडी नाही, गॅरंटीचा शब्द नाही.

मे महिन्यात बामणोलीजवळ, ओळखीच्यांच्या शेतात गाडी लावली होती. त्या दिवसांत शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी खाली गेलेलं असतं, काठ उघडा पडतो, वाऱ्याला अडवायला काही नसतं. दुपारनंतर ढग भरून आले. भाऊजी म्हणाले, मिटून घेऊ. विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, “राहू द्या, त्यासाठीच तर दिलंय.” वळवाचा पहिला झोत आला आणि कोपऱ्यातल्या आयलेटच्या कड्या कापडातून अशा सुटल्या, जशी जुन्या सदऱ्याची बटणं सुटावीत. सुटलेला पाइप फिरला, गाडीची काच फुटली आणि सासूबाईंच्या मनगटावर बसला. हाड मोडलं नाही, पण हात बरेच दिवस गळ्यात होता. पैशांचं दुःख मला एवढं नाही. फोनवर ‘राहू द्या’ म्हणणाऱ्याला आमच्याबरोबर सत्तरीची बाई आहे हे माहीत होतं. याचा राग अजून जात नाही.

घरी आल्यावर फाटलेलं कापड पसरलं तेव्हा लबाडी दिसली. कडेला, जिथे घेणाऱ्याचा हात लागतो तिथे, नमुन्यातल्या कापडाची वीतभर पट्टी शिवलेली. मधलं सगळं पातळ, उजेडात धरलं तर बोटं दिसतील असं. कोपऱ्यातल्या कड्यांच्या आत जाड पट्टीची दुमडही नव्हती. कडी नुसती पातळ कापडात ठोकलेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते काट्यावर ठेवलं. १० बाय १२ फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ५०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम, तेव्हा साडेपाच किलो भरायला हवं होतं. ते जाड पट्ट्या धरूनही तीन किलोच्या आत भरलं. मग पाइपवर किल्लीने ओरखडा काढला. वरचा चंदेरी रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली काळं लोखंड. जीआय पाइपवर जस्ताचा थर पक्का बसलेला असतो, तो असा सोलून येत नाही.

विकणाऱ्याचं उत्तर : “वारा नैसर्गिक आपत्ती आहे, गॅरंटीत येत नाही.” वाऱ्यासाठीच विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर!

तर कापड दुकानातच तोलून घ्या आणि जीएसएम बिलावर लिहून घ्या. विकणारा तयार होत नसेल तर का होत नाही ते उघड आहे. बरोबर येणाऱ्या वीतभर खुंट्यांवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, वर चार बोटं माती आणि खाली जांभा, खुंटी आत जातच नाही. तिथे वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे भरलेले कॅन बांधावेत. माती असेल तर लांब खुंटी, डोकं छताच्या उलट बाजूला कललेलं, आणि दोरी तिरकी ताणलेली. छतावरून आडवा एक रुंद पट्टा टाकून दोन्हीकडे खाली बांधला तर वाऱ्याचा उचलायचा जोर पुष्कळ कमी होतो. पावसात बाहेरचा एक कोपरा मुद्दाम खाली ठेवा. सपाट छतावर पाणी साचतं, आणि एक चौरस मीटरभर जागेत वीतभरही नाही, फक्त १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते १०० किलो होतं. एवढं करूनही वारा वाढला की मिटायचं. रात्री झोपताना तर मिटूनच झोपायचं, आभाळ कितीही निरभ्र असो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. तिथून विचारणा गेल्यावर त्याचा सूर बदलला : निम्मे पैसे घ्या आणि विषय संपवा. आम्ही नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, फक्त २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. फाटलेलं कापड, ओरखडा काढलेला पाइप, वजन करतानाचा फोटो, चॅट, बिल, दवाखान्याचे कागद, काहीही टाकू नका.

आणखी एक कळलं, त्यामुळेच घाईने लिहितेय. हाच माणूस तासगावकडे बेदाण्याच्या शेडसाठी आणि सांगलीत हळद झाकायला ताडपत्र्या पुरवतो, तोच जाड नमुना दाखवून. आमची एक काच गेली. तिथे वर्षाचं पीक उघड्यावर पडेल. यंदा कुणी अशी ताडपत्री घेतली असेल तर वळीव यायच्या आत ती काट्यावर ठेवून बघा.