क्रॉस स्लाइडचे ढिले चाक : छोट्या लेथचा अकरा महिन्यांचा अनुभव

सात बाय चौदा इंच मापाचे चिनी बनावटीचे हे लेथ (धातू फिरवत ठेवून कातायचे यंत्र) माझ्याकडे येऊन अकरा महिने झाले. मोटार, चक आणि वेग यांची माहिती वाचकांना असणारच, म्हणून ती सोडून देतो. सहाव्या महिन्यात मी याच यंत्राला ‘पैसे वसूल’ म्हटले होते आणि नवव्या महिन्यात ते विकायला निघालो होतो. या दोन मतांच्या मधे केवळ क्रॉस स्लाइडचे, म्हणजे टूल (कातणारे हत्यार) आडवे पुढे-मागे नेणाऱ्या भागाचे, हातचाक आहे.

पंख्यासाठी गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, करत होतो, बाहेरचे माप १२ मिमी. बुश १२.२० वर आला असताना डायलची (चाकावरच्या खुणांच्या कड्याची) पाच घरे दिली. एक घर ०.०२ मिमीचे, म्हणजे टूल ०.१० पुढे जाते आणि दोन्ही बाजूंनी कापले जात असल्यामुळे व्यासात ०.२० कमी व्हायला हवे होते, पण मायक्रोमीटरने १२.१४ दाखवले. वैतागून पुन्हा पाच घरे दिली, तर या वेळी ती पूर्ण लागली आणि बुश ११.९४ वर जाऊन भंगारात जमा झाला. असे तीन बुश गेले. गनमेटलचा भाव माहीत असणाऱ्याला माझी मनःस्थिती सांगायला नको.

चाकाने फिरणारा लांब स्क्रू ज्या पितळी नटातून स्लाइड हलवतो, त्या नटाला मी थेट दोष दिला. विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याने चाळीस किलोचे यंत्र मूळ खोक्यात भरून स्वखर्चाने पाठवण्यास सांगितले. हमी होती, पण ती खोक्याला होती असे दिसते. ते खोके मी केव्हाच रद्दीत दिले होते. शेवटी साडेआठशे रुपये मोजून नवा नट मागवला, बसवला, आणि माप पहिल्यासारखेच चुकत राहिले.

वास्तविक हे मला आधीच कळायला हवे होते. नट झिजला तर उलट फिरवताना चाक रिकामे फिरते. परंतु दर वेळी एकाच बाजूने टूल पुढे नेत असल्यास त्या रिकाम्या फेऱ्याचा मापावर परिणाम होत नाही, आणि मी तर कायम एकाच बाजूने जात होतो. आमच्या शेजारी निवृत्त टर्नर राहतात. त्यांनी यंत्राला हात न लावता मार्कर मागितला आणि शाफ्टच्या (चाक ज्यावर बसते त्या स्क्रूच्या दांड्याच्या) टोकापासून चाकाच्या मधल्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग मला पार्टिंग टूलने (तुकडा कापून वेगळा करणाऱ्या टूलने) एक जड कट घ्यायला लावला. कट संपला तेव्हा रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात बोटाच्या नखाएवढे अंतर पडले होते. चाक शाफ्टवर घसरत होते. डायल चाकाबरोबर फिरत असल्याने ती इमानेइतबारे पाच घरे दाखवत होती आणि लांब स्क्रू मात्र तेवढा फिरत नव्हता.

चाक काढल्यावर आत काय दिसावे? चार मिलिमीटरचा एकच ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर आवळणारा, डोके नसलेला स्क्रू), त्याचे टोक सपाट, शाफ्ट गुळगुळीत गोल आणि त्यावर तेलाचा थर. स्क्रू जिथे घासत होता तिथे चकचकीत कडे पडलेले. जिथे प्रत्येक कटाचा जोर येतो, तिथे कारखान्याने ना चावी (चाक घसरू न देणारी धातूची पट्टी) दिली ना सपाट जागा. या कंजूषपणाचा मला अजूनही राग येतो, कारण ग्रब स्क्रूची किंमत उद्यमनगरात पाच रुपये आहे.

दुरुस्ती अशी केली. शाफ्टवर कानशीने लहानशी सपाट जागा केली. चाकाच्या बीडाच्या हबमध्ये (मधल्या भागात) पहिल्या भोकाशी काटकोनात ३.३ मिमीचे भोक पाडून चार मिलिमीटरचा टॅप मारून आटे पाडले (बीडाला तेल न लावता कोरडाच), आणि तिथे वाटीसारख्या टोकाचा दुसरा ग्रब स्क्रू बसवला. थिनरने सर्व तेल पुसून निळे लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा द्रव) लावले आणि यंत्र चोवीस तास बंद ठेवले. याच वेळी स्लाइड हाताने पुढे-मागे ढकलून पाहिली, तर डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या घड्याळाने) ०.१२ मिमीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दाखवला. तो लांब स्क्रूची कॉलर (त्यावरचे कडे) आणि त्याला धरणारे ब्रॅकेट यांच्यामधला होता. तिथे प्रथम शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची चकती घातली, ती पंधरा दिवसांत झिजली. आता ०.१ मिमीचा पितळी शिम (पातळ चकती) आहे.

दोन महिने झाले, रेघ अखंड आहे आणि माप मिळते. उलट फिरवताना आठ घरे रिकामी जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र विकण्याचा विचार मी मागे घेतला आहे, मात्र ‘पैसे वसूल’ हे शब्दही मागे घेतो: साडेआठशे रुपयांचा नट फुकट गेला, तीन बुश गेले आणि जे काम कारखान्यात व्हायला हवे होते ते मी केले. नवे लेथ घेणाऱ्याने पहिल्या दिवशी दोन मिलिमीटरची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घेऊन सर्व चाकांचे ग्रब स्क्रू आवळून पाहावेत. परवा भोके पाडताना टेलस्टॉकचे (ड्रिल धरणाऱ्या मागच्या भागाचे) चाकही किंचित डुगडुगताना दिसले, त्यामुळे तिथेही आता मार्करची रेघ ओढली आहे.