नकली १०५० टीआय आणि बिनकामाचं ट्यूनर कार्ड: होम थिएटर पीसी घेणाऱ्यांनी वाचा

ठाण्यात सध्या होम थिएटर पीसी (टीव्हीला जोडून व्हिडिओ बघायचा, कार्यक्रम रेकॉर्ड करायचा कॉम्प्युटर) म्हणून जे मशीन लोकांच्या गळ्यात मारतायत त्याबद्दल लिहितेय. आमच्या घरात ते आलं, ३८ हजार गेले, आणि त्याच गाळ्यावरून अजूनही लोक तेच घेऊन जातायत म्हणून गप्प बसवत नाही. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

घेतलं बाबांसाठी. त्यांना सह्याद्रीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने बघायचे असतात, दुपारी ते झोपले की नेमकं काहीतरी चांगलं लागतं. आणि भाचीच्या लग्नाचा ४के व्हिडिओ, फोनमधल्या क्लिप्स वगैरे मोठ्या टीव्हीवर बघायच्या होत्या, बाकी काही नाही. नौपाड्यातल्या एका गाळ्यात असेंबल करून देणारा मिळाला, बोलायला एकदम गोड. "ताई, आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, चार जीबीचं १०५० टीआय, दोन टीबी, वर टीव्ही ट्यूनर, केबलचे सगळे चॅनल रेकॉर्ड होणार, टेन्शनच घेऊ नका." १०५० टीआय म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि ट्यूनर म्हणजे टीव्हीचा सिग्नल पकडणारं कार्ड. डेमो पण दिला, कुठलीतरी क्लिप मस्त चालली, ट्यूनरवर चित्र दिसलं. घोडबंदरला घरी येऊन जोडून दिलं आणि यूपीआयने पैसे घेतले. पक्कं बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी वर लागेल" म्हणाला आणि एका चिटोऱ्यावर आकडे लिहून दिले.

संध्याकाळी लग्नाचा व्हिडिओ लावला. आवाज पुढे, चित्र मागे, आणि अक्षता पडायला लागल्या तसं तर स्क्रीनभर नुसते चौकोन चौकोन, कोण नवरी कोण मामा काही कळेना. सीपीयू १०० टक्के. फोन केला तर "ताई फाइल खराब असेल". तीच फाइल माझ्या फोनवर व्यवस्थित चालत होती. मग म्हणे टीव्हीत प्रॉब्लेम, मग म्हणे कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) टाकायला लागेल, ८०० रुपये. मी स्पष्ट विचारलं की सगळं सेट करून देणार होतात ना, तर व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याला बोलावलं. त्याने मशीन चालू पण केलं नाही, मागून कॅबिनेटकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे १०५० टीआय नाहीये." ग्राफिक्स कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट होता. खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए असूच शकत नाही, २०१६ साली आलेल्या त्या चिपमध्ये व्हीजीएला लागणारं जुन्या पद्धतीचं अ‍ॅनालॉग आउटपुटच दिलेलं नाही. मग ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, त्यात कार्डाच्या नावाआधी सरळ 'फेक' लिहून आलं, ही सोय त्यात २०१८ पासून आहे. तरी खात्री म्हणून त्याने पंखा आणि हीटसिंक काढला, वाळलेली पेस्ट पुसली, तर चिपवर अक्षरं होती जीएफ११६. म्हणजे २०११ च्या सुमाराची चिप. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ असतं. जुन्या कार्डाचं बायॉस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवीन नाव दिलेलं, त्यामुळे विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं आणि माणूस फसतो.

हे आमच्यासारख्यांना जास्त का लागतं ते सांगते. गेम खेळणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं, पण व्हिडिओ बघणाऱ्याला दुकानात कळत नाही, कारण एच.२६४ पद्धतीने दाबून साठवलेला साधा फुल एचडी व्हिडिओ ती जुनी चिपसुद्धा आरामात चालवते, आणि डेमोला तोच लावतात. ४के व्हिडिओ बहुतेक एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या नव्या पद्धतीत असतो, तो उलगडायचं सर्किट त्या चिपमध्ये नाहीच, मग सगळा भार सीपीयूवर. आणि आय-फाइव्ह म्हणून जो दिला तो निघाला चौथ्या जनरेशनचा, त्याच्यातही ते नाही. इंटेलमध्ये दहा बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी पूर्ण हार्डवेअरवर सातव्या जनरेशनपासून चालतं. नुसतं आय-फाइव्ह, आय-सेव्हन ऐकून खूश होऊ नका, जनरेशन विचारा.

ट्यूनरचं प्रकरण तर मला अजून चीड आणतं, कारण त्यात म्हाताऱ्या माणसाला फसवलंय. ते कार्ड अ‍ॅनालॉग होतं. ठाण्यात केबल २०१३ लाच डिजिटल झाली, सिग्नल एन्क्रिप्टेड येतो, सेट-टॉप बॉक्सशिवाय उघडतच नाही, मग अ‍ॅनालॉग ट्यूनर काय पकडणार? दुकानात त्याने बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी कार्डाला जोडून चित्र दाखवलं होतं. तसं रेकॉर्डिंग होतं, पण जुन्या टीव्हीच्या क्वालिटीचं, आणि बॉक्सवर जो चॅनल लावलेला असेल तोच. बाबांनी विंडोज ७ च्या मीडिया सेंटरमध्ये (टीव्ही बघायच्या-रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये) सह्याद्रीची वेळ लावून ठेवली आणि रेकॉर्ड झाली आईची मालिका. दोघांचं त्यावरून वाजलं पण, बाबांना वाटलं आईने चॅनल बदलला, आईला वाटलं बाबांना मशीन जमत नाही, आणि जो खरा कारणीभूत तो फोन उचलत नाही. बॉक्सच्या एचडीएमआयवरून घेऊ म्हणाल तर तिथे एचडीसीपीचं म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप असतं, कॅप्चर कार्डावर काळी स्क्रीन येते. आणि विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, तरी तेच टाकून दिलं, कारण विंडोज १० मध्ये मीडिया सेंटर नाही.

हार्ड डिस्क 'नवीन' होती, डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स (चाललेले तास) ३१ हजारांच्या वर. म्हणजे साडेतीन वर्षं रात्रंदिवस चाललेली, बहुतेक सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली. निदान तिचे तास पुसले नव्हते, काही जण ते पण शून्य करून विकतात, म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघायचीच.

खरं तर बाबांना हवं ते होण्यासारखं आहे. सह्याद्री डीडी फ्री डिशवर उघडा, विनाएन्क्रिप्शन येतो, जीसॅट-१५ उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व. छोटी डिश, डीव्हीबी-एस२ चा म्हणजे डिशचा सिग्नल पकडणारा ट्यूनर, रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड आणि बघण्यासाठी कोडी ही सॉफ्टवेअर, एवढ्यात वेळ लावून रेकॉर्डिंग होतं, आणि त्यासाठी इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला छोटा मिनी पीसी पुरतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. पण पेड चॅनल कुठल्याही ट्यूनरने रेकॉर्ड करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. पैसे द्यायच्या आधी आपल्या पेनड्राइव्हमधली ४के फाइल लावायला सांगा, लावताना सीपीयू किती टक्के जातोय ते बघा, जीपीयू-झेड समोर उघडायला लावा. खरा माणूस नाही म्हणत नाही.

मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये आणि ई-जागृती पोर्टलवरून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. पक्कं बिल नसलं म्हणून दावा संपत नाही, यूपीआयची नोंद, चिटोरा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन हे सगळं जोडता येतं. त्याने ब्लॉक केलं तरी आपल्याकडचे मेसेज राहतात, ते डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून मेलवर ठेवा. आणि कोणाकडे असं कार्ड आलं असेल तर रागाने फेकू किंवा विकू नका, चिपवरच्या अक्षरांचा आणि सीरियल स्टिकरचा फोटो काढून कार्ड तसंच ठेवा, तोच पुरावा आहे.