सॉल्ट लेक सिटीत एअर प्युरिफायर: हिवाळ्यात बरा, कूलरपुढे हतबल

हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही काढून मगच लिहितेय, कारण हवा गाळणाऱ्या या यंत्रांबद्दल इथे, अमेरिकेतल्या युटा राज्यात, जे सांगितलं जातं ते बहुतेक जानेवारीच्या हवेवरून. लिहायला बसवलं ते ऑगस्टमध्ये माझ्या प्युरिफायरवर लागलेल्या लाल दिव्याने. फिल्टर बदला म्हणे! खोक्यावर छापलेली मुदत संपायला अजून बराच अवकाश होता. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की फिल्टर हा झिजणारा भाग, त्यावर वॉरंटी नाही, आणि वणव्याचा धूर हा ‘सामान्य घरगुती वापर’ धरत नाहीत. धुरापासून संरक्षण, असं त्याच खोक्यावर ठळक छापलंय. नवा फिल्टर यंत्राच्या निम्म्या किमतीला जातो. माझा राग अजून शमलेला नाही.

आधी हिवाळा. पूर्वेला वासाच डोंगररांग, पश्चिमेला ओकर डोंगर, मधे दरीत आपण. बर्फ पडून गेला आणि उच्च दाबाची स्थिर हवा आली की तळाची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, ती पुढचं वादळ येईपर्यंत हलत नाही. डोंगरातल्या पार्क सिटी गावाला वर जावं तर लख्ख ऊन, खाली गाड्यांचा आणि घरं तापवणाऱ्या फर्नेसचा धूर साचत राहतो. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, यांची अमेरिकेतली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम. ती ओलांडायची लक्षणं दिसली की लाकूड जाळायला बंदी येते. हवेतले कण मोजणाऱ्या पर्पलएअर संवेदकांच्या नकाशावर (तेही इथल्याच ड्रेपर गावातून सुरू झालेले) बाहेरचा आकडा पन्नाशीच्या वर आणि घरात एक आकडी, हे पाहून मी ओळखीच्या सगळ्यांना ‘घ्याच’ म्हणत होते.

मग अशाच एका वाईट आठवड्यात मुद्दाम यंत्र बंद ठेवून पाहिलं. घरातला आकडा चढला, पण बाहेरच्यापेक्षा खूपच खाली थांबला. याला कारण आहे. इथल्या हिवाळी कणांत अमोनियम नायट्रेटचा वाटा मोठा. ते थंडीत घट्ट राहतं आणि तापलेल्या घरात शिरलं की बरंचसं वायू होऊन जातं. मीटरवरून कण उतरतात, पण वायू हेपा फिल्टर (प्युरिफायरमधला बारीक कण गाळणारा फिल्टर) अडवत नाही. म्हणजे जानेवारीतल्या त्या सुंदर आकड्याचं सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, आयडाहोचा धूर वाऱ्याबरोबर येऊन दरीत बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तर जगातल्या मोठ्या शहरांत सर्वात वाईट हवा म्हणून या शहराचं नाव झळकलं होतं. धुराचे कण घरात येऊन विरत नाहीत. आणि आमच्या घरावर, इथल्या कितीतरी जुन्या घरांसारखा, स्वॅम्प कूलर आहे. नागपूरकरांना सांगायला नको: ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढायची, घरात सोडायची, आणि ती जायला एखादी खिडकी किलकिली ठेवायची. कोरड्या हवेत थंडावा छान मिळतो, वीजबिल एसीच्या मानाने नगण्य येतं, म्हणून मला तो अतिशय प्रिय. पण ओली ताटी इतके बारीक कण धरून ठेवत नाही. कूलर तासाला कितीतरी वेळा घरातली सगळी हवा बदलतो, आणि तो बदल म्हणजे बाहेरचा धूर. त्याच्यासमोर प्युरिफायर कमाल वेगावर रात्रभर घोंगावत राहिला तरी आकडा हलला नाही. फिल्टर अकाली गेला तो इथेच. मी पाहिलेल्या एकाही कंपनीच्या माहितीपत्रकात कूलर हा शब्द नाही, आणि वाळवंटी प्रदेशात हे यंत्र खपवताना तो गाळणं मला अक्षम्य वाटतं.

हा वाद मला पैशापुरता वाटत नाही, तब्येतीचा वाटतो. शेजारच्या युटा व्हॅलीतला जिनिव्हा स्टीलचा कारखाना १९८६-८७ मध्ये बंद होता, तेव्हा श्वसनाच्या आजारांनी रुग्णालयात दाखल होणारी मुलं कमी झाली, हे संशोधक आर्डेन पोप यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. ते उन्हाळ्यात नागपूरहून येतात, ऊन टाळायला, आणि धुरात सापडतात.

कंपनीचा फिल्टर मी घेतलाच नाही. त्याऐवजी कोर्सी-रोझेंथल डबा बांधला: चौकोनी बॉक्स फॅन, हार्डवेअरच्या दुकानातले चार मर्व्ह-१३ (फिल्टर किती बारीक गाळतो त्याची श्रेणी) फर्नेस फिल्टर, खाली पुठ्ठा, भरपूर डक्ट टेप. दिसायला ओबडधोबड, आवाज मोठा, पण बंद खोलीत याने इतकी हवा ओढली की मी थक्क झाले. चारही फिल्टर मिळून कंपनीच्या एका फिल्टरपेक्षा स्वस्त पडले. सासऱ्यांना रात्री सलग झोप लागली ती याच्यामुळे.

बाकी थोडक्यात. ऑटो मोडवर विसंबू नका, वेग हाताने ठरवा. आयनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारी सोय) असेल तर बंदच ठेवा, त्यातून ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू तयार होऊ शकतो, आणि उन्हाळ्यात दुपारी इथे तो आधीच जास्त असतो. त्यावर हेपाचा इलाज नाही.

ज्यांच्या घरी सेंट्रल एसी आहे त्यांनी फर्नेसला मर्व्ह-१३ चालतो का ते पाहावं. कूलरवाल्यांनी पैसे आधी एका खोलीच्या खिडकीतल्या एसीवर घालावेत, मग डबा बांधावा, प्युरिफायर शेवटी. धुराच्या दिवसांत कूलर नुसता बंद करून भागत नाही. छतातल्या त्याच्या झडपेतून धूर उतरत राहतो, म्हणून तिथे पुठ्ठा लावून कडेने टेप मारावी लागते.