एक्सेल-टॅली ऑनलाइन शिकवायचंय? लाइव्ह, रेकॉर्डेड की सरळ फाइल देऊन?

बी.कॉम.च्या पोरांना एक्सेल आणि टॅली (हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर) ऑनलाइन शिकवायचं तर रस्ते तीनच. पण कुठला बेस्ट हे विचारायच्या आधी बघा की पोरांकडे लॅपटॉप आहे की नुसता फोन, आणि क्लास चालू असताना माउस कोणाच्या हातात असणारे.

लाइव्हमध्ये बहुतेक वेळा तो सरांच्याच हातात असतो. सर झूमवर पिव्होट टेबल (मोठ्या डेटाचा गोषवारा काढणारा तक्ता) करून दाखवतात, पोरं चॅटमध्ये "यस सर" टाकतात, त्यातली काही त्यावेळी फास्ट लोकलमध्ये लटकलेली असतात आणि रेंज गेली की आवाजच गायब. वर झूम फ्रीवालं असेल तर 40 मिनिटांत कट, फुकटच्या गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की तासाभरात. पण हेच उलटं केलं, म्हणजे पोराला स्क्रीन शेअर करायला लावली आणि सर नुसते बोलत राहिले, तर लाइव्हसारखं दुसरं काही नाही, कारण चूक नक्की कुठल्या क्लिकवर होते ते दिसतं. अडचण एवढीच की एका बैठकीत दोन-तीन जणांचीच पाळी येते, साठ जणांच्या बॅचला हे झेपणार नाही.

रेकॉर्डेडमध्ये आपल्या पवईच्या आयआयटीचं स्पोकन ट्युटोरियल बघाच. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीतपण आहेत, फुकट, आणि पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, पॉज करा आणि तेच स्वतः करा. फक्त तिथे भर लिब्रऑफिस, जिम्प, पायथन असल्या ओपन सोर्स (फुकट, खुल्या कोडच्या) सॉफ्टवेअरवर आहे, त्यामुळे टॅलीवाल्यांना उपयोग नाही, एक्सेलवाल्यांना लिब्रऑफिसमधल्या कॅल्क या शीटवरून बरंच जमतं कारण व्हीलूकअप (यादीतून माहिती शोधून आणणारा) वगैरे फॉर्म्युले तेच, मेनू वेगळे. यूट्यूबवरचे व्हिडिओ देताना व्हर्जन बघून घ्या हां. एक्सलूकअप हा व्हीलूकअपचा नवा भाऊ एक्सेल 2021 आणि 365 मध्ये आहे, 2016-2019 वाल्या लॅबमध्ये तो लिहिला की एरर येतो आणि पोरगं समजतं आपल्यालाच येत नाही.

तिसरा रस्ता मला सगळ्यात पटतो, पण सरांचा घाम काढणारा आहे. गूगल क्लासरूममधून प्रत्येकाला शीटची वेगळी कॉपी द्यायची आणि डेटा मुद्दाम घाणेरडा ठेवायचा: तारखा टेक्स्टमध्ये, नावामागे स्पेस, एकीकडे ठाणे तर दुसरीकडे थाणा. ऑफिसात असंच येतं ना हातात! व्हर्जन हिस्ट्री उघडली की कळतं कोणी बसून केलंय आणि कोणी एका फटक्यात पेस्ट मारलंय. आकडे प्रत्येकाला वेगळे दिले तर कॉपीचा प्रश्न बराच सुटतो, फक्त तपासायला रविवार जातो.

टॅलीचं जरा वेगळं आहे. लायसन्स नसेल तर एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, पण एंट्री महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेलाच घेतं, म्हणून बिलं त्याच तारखांची बनवून द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी ग्रुपवर पन्नास मेसेज. शेवटी ट्रायल बॅलन्सची (सगळ्या खात्यांची जमा-नावे जुळवणारी यादी) पीडीएफ मागवा.

मी निवडायचं तर व्हिडिओ आधी घरी, आठवडाभर फाइलवर काम, आणि लाइव्ह फक्त अडलेल्यांसाठी, तेही त्यांची स्क्रीन उघडून. फोनवाल्यांना शीट्सचं ॲप साध्या फॉर्म्युल्यांपुरतं चालेल, पुढे त्या छोट्या स्क्रीनवर जीव जातो. टॅलीप्राइम, म्हणजे टॅलीचं आताचं व्हर्जन, तर विंडोजचं सॉफ्टवेअर, त्यामुळे अशा पोरांना शनिवारी कॉलेजची लॅब उघडून देता येत असेल तरच ॲडमिशन द्या, नुसती लिंक पाठवून फी घेऊ नका.