रिशिरी की रेबुन? होक्काइदोच्या टोकावरच्या दोन बेटांपैकी कुठलं निवडायचं

फुजी झाला, आता पुढे काय, असं जपानमधले आपले ट्रेकर मित्र विचारतात तेव्हा मी सरळ वर बोट दाखवतो, पार वर. जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदोचं वाक्कानाई हे शेवटचं शहर, त्याच्या पश्चिमेला समुद्रात रिशिरी आणि रेबुन ही दोन बेटं शेजारी शेजारी आहेत, १९७४ पासून एकाच नॅशनल पार्कमध्ये, मधे फेरीने जेमतेम पाऊण तासाचं अंतर. बरेच जण दोन दिवसांत दोन्ही उरकतात, म्हणजे बसने गोल फिरायचं, चार पॉइंटवर फोटो काढायचे आणि परत. त्यांच्यासाठी हे नाहीये. ज्यांना तीन-चार दिवस काढून खरंच पायी फिरायचंय आणि बेट एकच निवडायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधीच सांगून टाकतो, माझं मत रेबुनच्या बाजूने आहे. कारण साधं आहे. रिशिरीची सगळी ट्रिप एका दिवसावर टांगलेली असते आणि तो दिवस तुमच्या हातात नसतो.

रिशिरी म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी, उंची १७२१ मीटर, बेट जवळपास गोल आणि मधे हा एकच डोंगर, लांबून फुजीसारखा दिसतो म्हणून रिशिरी-फुजी. जपानच्या शंभर नामांकित डोंगरांत याचं नाव आहे, त्यामुळे यादी पूर्ण करणारे जपानी आजोबा-आजी इथे भरपूर भेटतात आणि आपल्याला मागे टाकून पुढे जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या कळसूबाईची उंची १६४६, म्हणजे आकडा जवळपास तेवढाच, पण तिथलं पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर आहे, इथे ओशिदोमारी बंदराकडून जाणाऱ्या वाटेचा कॅम्पसाइट समुद्रापासून दोनेकशे मीटरवर, म्हणजे निव्वळ चढ दीड हजार मीटर आणि तो एका दिवसात चढून उतरायचा. जाऊन-येऊन दहा तास धरा, गुडघे कुरकुरत असतील तर बारा. जूनमध्ये इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य उगवतो त्यामुळे पहाटे चार-साडेचारला निघणं वाटतं तितकं अवघड नाही, आणि बरीच लॉजवाली मंडळी गाडीने पायथ्याशी सोडतात, बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पाणी खालूनच घ्यायचं. सुरुवातीलाच कानरोसुई नावाचा झरा लागतो, पाणी अगदी गार आणि गोड, तिथे बाटल्या भरल्या की पुढे वर काहीच मिळत नाही. आठव्या टप्प्याला चोकानझान म्हणून १२१८ मीटरचं एक उपशिखर आहे, तिथे पोचल्यावर पहिल्यांदा समोर पूर्ण शिखर दिसतं आणि बरेच जण तिथेच बसून विचार करतात की जायचं का. पुढे इमर्जन्सीपुरती एक झोपडी आहे, मुक्कामाला नाही. नवव्या टप्प्यापासून खरी मजा, म्हणजे सजा, लाल-काळी सुटी ज्वालामुखीय खडी, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं, वाट झिजून झिजून नाल्यासारखी खोल गेलीये आणि दोर धरून चढावं लागतं. शेवटी पोचतो ते उत्तर शिखर, १७१९ मीटर, तिथे छोटंसं देऊळ आहे. दक्षिणेचं त्याहून दोन मीटरने उंच शिखर कडा कोसळत असल्यामुळे बंद आहे, तिकडे जायचा हट्ट करू नका.

आणि हो, टॉयलेटचं. या डोंगरावर पोर्टेबल टॉयलेटची पिशवी जवळ ठेवावी लागते, बेटावरच्या दुकानात नाहीतर लॉजवर मिळते. वाटेत छोटे बूथ आहेत, त्यात बसून ती पिशवी वापरायची, घट्ट बांधायची आणि पाठीवरून खाली आणून ठरलेल्या डब्यात टाकायची. ऐकायला कसंतरी वाटतं पण त्यामुळे वाट किती स्वच्छ राहिलीये ते बघा, आपल्या गडांवर हे कधी येणार देव जाणे.

आता अडचण. वर ढग बसला की दहा तास तुम्ही पांढऱ्या भिंतीत चालता. वारा जोराचा असेल तर नवव्या टप्प्याच्या पुढे जाऊच नये. म्हणून रिशिरीला एक दिवस मोकळा राखीव हवाच, नुसता हवेसाठी. तो दिवस वाया जात नाही म्हणा, बेटाला चक्कर मारायला साठेक किलोमीटरचा रस्ता आहे, ओशिदोमारीत भाड्याने सायकल मिळते, वाटेत ओतातोमारी तळं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आला असाल तर दगडगोटे पसरलेल्या अंगणात वाळत घातलेल्या कोंबूच्या, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या, लांबच लांब काळ्या पट्ट्या. हाच तो रिशिरी कोंबू, क्योतोच्या स्वयंपाकात याला मोठा मान आहे.

रेबुनचं गणित उलटं आहे. सगळ्यात उंच जागा रेबुनदाके, ४९० मीटर. एवढ्यासाठी कोण जातं, असं मलाही वाटायचं. पण थंडी, धुकं आणि सतत वारा यामुळे जी फुलं इतर ठिकाणी दोन हजार मीटरवर चढून बघावी लागतात ती इथे समुद्रालगत उगवतात, तीनेकशे प्रकार आहेत. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत रेबुन आत्सुमोरीसो फुलतं, फिक्कट पिवळं, फुगीर पिशवीसारखं ऑर्किड, जगात फक्त याच बेटावर, चोऱ्या इतक्या झाल्या की आता कुंपणाच्या आत आहे. जुलैत आलात तर ते नाही, पण बाकीचं खूप असतं.

इथली माझी आवडती वाट म्हणजे उत्तरेकडची भूशिरं. काफुका बंदरावरून सकाळच्या बसने तासाभरात सुकोतोनला जायचं, तिथून गोरोता, मग सुकाई आणि शेवटी हामानाकाच्या बसस्टॉपवर, साधारण बारा किलोमीटर, रमतगमत पाच-सहा तास. गोरोताच्या किनाऱ्यावर खाली बघत चाला, छोट्या शिंपल्यांना बरोब्बर गोल भोक पडलेलं असतं, दोरा ओवण्यासारखं, ते एका शिकारी गोगलगायीचं काम आहे, ती कवच पोखरून आतलं खाते. जरा दमाचे असाल तर पश्चिम किनाऱ्याने आठ तासांची वाट आहे, त्या बाजूला बऱ्याच भागात रस्ताच नाही त्यामुळे मधेच सोडून गाडी पकडता येत नाही. आणि पाऊस आला, धुकं आलं तरी इथे दिवस फुकट जात नाही, फुलं पायाशीच असतात. दुपारी हवा उघडली की मोमोइवाच्या वाटेवरून समुद्रापलीकडे अख्खा रिशिरी डोंगर दिसतो, जो रिशिरीवर असताना नीट दिसतच नाही. काफुकाच्या उसुयुकी-नो-यु या गरम पाण्याच्या बाथमध्ये बसूनही दिसतो, पायाचे तुकडे पडलेले असताना हे मोठं सुख.

रेबुनचं वाईट काय, तर बस मोजक्याच, एक चुकली की दोन-तीन तास गेले. भाड्याची गाडीही महाग पडते. भारतातून काढलेलं इंटरनॅशनल परमिट जपानमध्ये चालतं, पण तिघं-चौघं असाल तरच परवडेल.

अस्वलाची भीती दोन्हीकडे नाही, होक्काइदोच्या इतर डोंगरांवर घंटा वाजवत फिरावं लागतं तसं इथे नाही. २०१८ मध्ये एक अस्वल समुद्र पोहून रिशिरीला आलं होतं, १०६ वर्षांनी, आणि काही आठवड्यांनी गायब झालं.

खाण्याच्या बाबतीत मासे खाणाऱ्यांची चैन आहे, दोन्हीकडे उनी (सी-अर्चिन) आणि रेबुनला मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) लावून निखाऱ्यावर भाजलेला होक्के मासा. शाकाहारी असाल तर मात्र जेवणासकट रूम घेताना आधी स्पष्ट कळवा, भाजीच्या रश्शातसुद्धा माशाचा अर्क असतो. सेइकोमार्ट हे किराणा-खाण्याचं दुकान दोन्ही बेटांवर आहे, तरी थेपले, मेतकूट-भात, तयार पोहे जवळ असू द्या. कॅम्पिंगचा गॅस विमानात नेता येत नाही, तो सप्पोरोत किंवा वाक्कानाईत घ्या.

तर तीन रात्री असतील, पहिलाच लांबचा ट्रेक असेल, किंवा सोबत आई-बाबा असतील तर डोळे झाकून रेबुन. शिखर गाठल्याशिवाय चैन पडत नाही अशांपैकी असाल तर रिशिरी, पण जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच, त्याआधी वर बर्फ असतो. पाच रात्री मिळाल्या तर आधी रिशिरी, हवा उघडेल त्या दिवशी डोंगर, आणि मग दुखरे पाय घेऊन रेबुन.

सप्पोरोहून वाक्कानाईला ट्रेनने पाच तासांच्या वर लागतात, पुढे फेरीने रिशिरी पावणेदोन तास आणि रेबुन जवळजवळ दोन. घाई असेल तर सप्पोरोच्या ओकादामा विमानतळाहून रिशिरीला विमान आहे, रेबुनला नाही. परतीचं टोकियोचं विमान मात्र बेट सोडाल त्याच दिवसाचं घेऊ नका, वारा सुटला की फेरी रद्द होते आणि मग काफुकाच्या बंदरावर बसून रीबुकिंगचे फोन करत बसावं लागतं.