समाजविघातक व्यक्तिमत्त्व की सायकोपथी?

मालिकेत थंड डोक्याचा खुनी दिसला की त्याला ‘सायकोपाथ’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी आपली सवय. पण डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकी निदान-पुस्तिकेत अधिकृत निदान आहे ते समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं. सायकोपथी तिथे स्वतंत्र निदान नाही.

पहिल्यात भर वागण्यावर: कायदा मोडणं, फसवणूक, मारामाऱ्या, बेजबाबदारपणा. सातांपैकी किमान तीन निकष, वय १८ पूर्ण आणि १५च्या आधीपासून वर्तनविकाराची (म्हणजे लहान वयातच सतत नियम मोडणं, इतरांना इजा करणं) चिन्हं.

सायकोपथीत गोष्ट आतली. दुसऱ्याचं दुःख पोचतच नाही, पश्चात्ताप नाही, वर जिभेवर साखर. ती मोजणारी, कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत घेऊन, जुनी कागदपत्रं तपासून भरतात. प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० ही सायकोपथी मानण्याची रूढ सीमा. (तेव्हा नेटवरच्या चाचणीत साहेबांना गुण देत बसू नका.)

तुरुंगातल्या पुष्कळांना पहिलं निदान लागू पडतं. ३० गाठणारे त्यातले थोडेच. म्हणून मला हेअर यांची यादी जास्त नेमकी वाटते. फक्त तिच्यातही गुन्ह्यांच्या इतिहासाला गुण आहेतच, आणि गुन्हा हा सायकोपथीचा भाग की तिचा परिणाम, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.