४५-७० मार्लिनवर पीप साइट की स्कोप?
मार्लिन १८९५ (४५-७० काडतुसाची रायफल) रिकामं काडतूस बाजूने फेकते त्यामुळे वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) सरळ बसतो, जुन्या विंचेस्टर १८८६ रायफलमध्ये ते वरून उडतं म्हणून तिथे अडचण. पण बसतो म्हणून लावायलाच हवा असं नाही. अलास्कात अस्वलांच्या भागात झुडपांतून फिरायचं तर पीपच भारी, म्हणजे मागे छोटं भोक असलेली साइट, भोकातून बघायचं, पुढचा पोस्ट (नळीच्या टोकावरची उभी काडी) टार्गेटवर ठेवायचा, डोळा आपोआप मध्य शोधतो आणि पावसात काच पुसत बसावं लागत नाही. झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी साइट जुळवताना, गोळी उजवीकडे न्यायची तर मागची साइट उजवीकडे, पुढची सरकवत असाल तर बरोब्बर उलटं.

स्कोपचं झिरोइंग मात्र खूपच सोपं. स्कोपच्या नॉबची पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच, २५ यार्डांवर तीच इंचाचा सोळावा भाग, म्हणजे जवळून सुरुवात केलीत तर एका इंचाला १६ क्लिक, बिनधास्त फिरवा. फक्त आय रिलीफ (डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतर) भरपूर बघा, नाहीतर धक्क्याने स्कोपची कड थेट भुवईवर! वयामुळे पुढची साइट धूसर दिसत असेल तर कमी पॉवरचा छोटा स्कोप घ्या, बाकी माझं मत पीपलाच. आणि काहीही लावा, झिरो शिकारीच्याच काडतुसांनी करा, ३०० ग्रेन आणि ४०५ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत.